कोंबड्या नसलेली वस्ती

अनोळखी बाईला तिच्याच घरात बसून ‘तुमचा नवरा तुम्हाला मारतो का’ असं विचारणं हे माझं काम आहे. हे कळलं की लोक दोन प्रकारे वागतात. काही जण माझी कीव करतात. काही जण जरा पुढं सरकून हळूच विचारतात, “मग, काय काय सांगतात बायका?” या दुसऱ्या प्रकारच्या लोकांना मी पुन्हा घरी बोलावत नाही.

मी भिंगारची. कॉलेज संपल्यावर काही वर्षं शिकवण्या घेतल्या, मग ओळखीच्या एका बाईंनी या कामाबद्दल सांगितलं. सरकारचं मोठं आरोग्य सर्वेक्षण असतं आणि त्याला बायका लागतात, कारण बायकांशी बायकांनीच बोलायचं असतं. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कशावर होतो, पोरांना लसी दिल्या का, असं विचारत विचारत आम्ही शेवटी त्या प्रश्नांपाशी येतो. मारहाण झाली का, जबरदस्ती झाली का, कोणी केली, कोणाला सांगितलंत का, पोलिसांत गेलात का. जे पोलिसांत जातं ते पोलिसांच्या आकड्यांत येतं. जे जात नाही ते आमच्या आकड्यांत यावं, अशी अपेक्षा असते. आई म्हणायची, हिची जीभ पहिल्यापासूनच नको तितकी लांब, हिला शोभेशी नोकरी मिळाली.

या शेवटच्या प्रश्नांना एक कडक नियम आहे. घरातल्या बायकांपैकी एकीलाच ते विचारायचे, ती कोण हे आमचा टॅब ठरवतो, आणि तिला एकटीला, कोणाच्या कानावर पडणार नाही अशा जागी बसवून विचारायचे. मध्येच कोणी आलं तर चेहरा न बदलता विषय बदलायचा. मी मिठावर जायचे. “मीठ कुठलं वापरता? पुडीतलं की खडे?” घरातलं मीठ तपासणं हाही आमच्या कामाचाच भाग, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. एकदा एक सासू दारातून हलेचना आणि मला मिठावर इतकं बोलावं लागलं की शेवटी ती म्हणाली, “बाई, तुमी मीठ इकता का?” एकांत मिळालाच नाही, तर तसं नोंदवून प्रश्न कोरे सोडायचे आणि पुढच्या घरी जायचं.

तर मागच्या फेरीत आम्ही मिरजगावच्या बाजूला होतो. हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं आणि गावापासून लांब शेतात त्याची एक वस्ती आहे. गावाचं नाव मी लिहिणार नाही, पुढं कोणाचंच लिहिणार नाही. तशी शपथ घेऊनच आम्ही कामाला लागतो. होळी नुकतीच होऊन गेलेली. ज्वारी निघाली होती, कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, आणि दुपारी ऊन असं पडायचं की बांधावरची बाभळसुद्धा आखडून घेतल्यासारखी दिसायची. माझ्याबरोबर एक सहकारी होता. पुरुषांच्या मुलाखती तो घ्यायचा आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करायचा.

गावात गेलं की ग्रामपंचायत आम्हाला एक माणूस देते. घरं दाखवायला, कुत्री आवरायला, ‘ही सरकारची माणसं हायेत, घाबरू नका’ असं सांगायला. इथं दिलेला माणूस पन्नाशीचा होता. त्याच वस्तीतला, पांढरा स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, बोलणं मऊ. विहिरीवरची मोटार त्याच्या ताब्यात, त्यामुळे कोणाला कधी पाणी मिळणार हे त्याला विचारून ठरायचं. पहिल्या दिवशी त्यानं आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या थंड करून आणल्या, जीप सावलीत लावून दिली, आणि माझी चप्पल तुटली तर स्वतः गावात जाऊन शिवून आणली. मला तो आवडला, हे सांगायला हवं. असा माणूस प्रत्येक गावात मिळाला तर किती बरं, असं मी सहकाऱ्याला म्हटलेलंही आठवतं.

तो मोटारसायकलवर पुढं असायचा, आम्ही मागून चालत. आणि त्याच्याही पुढून एक आवाज यायचा.

“तीऽ तीऽ तीऽ तीऽ.”

कोंबड्यांना बोलवायची हाक. खेड्यात ही हाक ऐकली नाही असा माणूस नाही, तेव्हा मी काही लक्ष दिलं नाही. पहिल्या घरी प्रश्न विचारता विचारता जनावरांचा भाग आला. गाय, बैल, शेळी, कोंबडी. बाई म्हणाली, “शेरडं हायत दोन. कोंबड्या न्हाईत.” मी तसं भरलं. दुसऱ्या घरी कोंबड्या नाहीत. तिसऱ्या घरीही नाहीत. चौथ्या घरी बाई मला ‘न्हाईत’ म्हणत होती आणि तिच्या शेजारणीच्या अंगणातून हाक येत होती. त्या शेजारणीकडे गेले तर तिच्याही घरी नाहीत.

मला राग आला. खोटं बोललेलं मला चालत नाही आणि इतकं बिनकामाचं खोटं तर मुळीच नाही. बायकांना वाटत असेल, कोंबड्या सांगितल्या तर एखाद्या योजनेतून नाव कापतील; असं होतं कधी कधी. पण म्हणून सगळ्या वस्तीनं ठरवून कोंबड्या लपवायच्या? मी अंगणांत खुराडी शोधायला लागले. खुराडं नव्हतं. पिसं नव्हती, उकरलेली माती नव्हती, ओट्यावर घाण नव्हती. सहकारी म्हणाला, “ताई, तुम्हाला भूक लागलीय. रात्री मिरजगावात हॉटेलात बघू, तिथं कोंबडी नक्की सापडेल.”

दुसऱ्या दिवशी मी कान उघडे ठेवून चालले, आणि मग मला ते बरं वाटेना. हाक एका जागी थांबत नव्हती. वस्तीच्या टोकाच्या घरातून निघायची, मग पुढच्या घरातून, मग त्याच्या पुढच्या. आम्ही वळलो की तीही वळायची. आम्ही थांबलो की थांबायची. आवाज वेगवेगळे होते, एक घोगरा, एक कोवळा, एक दम लागलेला, पण हाक तीच आणि तितकीच लांब. ज्या घरापुढं आम्ही पोचायचो तिथं अंगण रिकामं असायचं आणि दाराआड बांगड्या वाजायच्या. भर दुपार, डोक्यावर ऊन, आणि माझ्या मानेवर काटा उभा राहत होता. मी वाटाड्याला विचारलं, “काका, कोंबड्या बऱ्याच दिसतात तुमच्याकडे?”

तो हसला. “बायांची सवय. काय तरी बडबडत ऱ्हात्यात.”

वस्तीच्या मध्यावर, लिंबोणीच्या बागेला लागून एक घर होतं. आम्ही वळलो तेव्हा अंगणात एक बाई उभी होती. वय फार नसावं, पण उन्हानं रापून म्हातारी दिसायची. ती मूठ भरत होती आणि फेकत होती, मूठ भरत होती आणि फेकत होती, तोंडानं ती हाक. मी तिच्या हाताकडे बघितलं. मुठीत काही नव्हतं. समोर काही नव्हतं. स्वच्छ सारवलेल्या रिकाम्या जमिनीवर ती रिकामी मूठ टाकत होती आणि नजर आमच्या वाटाड्यावर रोखलेली होती. आम्ही अंगणात पाऊल ठेवलं तशी ती थांबली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “या, बसा.”

मी खरंच घाबरले. वेडं माणूस बघून वाटतं तशी ही भीती नव्हती, कारण ती अजिबात वेडी नव्हती. तिनं घरातल्या सगळ्यांची वयं धडाधड सांगितली. घरात ती, तिची सून, आणि सगळ्यात धाकटी मुलगी, तेरा वर्षांची. नवरा वारलेला. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. आमचा वाटाड्या तिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ, घर पलीकडच्या बांधाला. टॅबनं सुनेची निवड केली.

सून पंचविशीची असेल. शेवगावकडची, दहावी झालेली. मी तिला मधल्या खोलीत घेऊन बसले. सासू उंबऱ्यावर बसली, पाठ आमच्याकडे, तोंड अंगणाकडे. मी दोनदा सांगितलं, मावशी, जरा बाहेर बसता का, मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय. ती हललीच नाही. आता ही बाई मला एकांत मिळू देणार नाही आणि माझा अर्धा दिवस फुकट जाणार, म्हणून मी मनातल्या मनात तिचा उद्धार करत होते. सून म्हणाली, “आत्याबाईंना बसू द्या. त्या हायत म्हनूनच बोलता येतंय.”

वाटाड्या माझ्या सहकाऱ्याला घेऊन विहिरीकडे गेला होता. नियम बाजूला ठेवून मी प्रश्न सुरू केले. नवऱ्याबद्दलच्या प्रश्नांना ती नाही, नाही म्हणत गेली, आणि ते खरं वाटलं. मग पुढचा प्रश्न आला: नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी कधी जबरदस्ती केली का. तिनं मान हलवली. होय अशी. मी कोण ते विचारलं आणि टॅबवरची यादी वाचायला लागले, सासरचा नातेवाईक, शेजारी, ओळखीचा, अनोळखी.

ती मध्येच म्हणाली, “ज्यो तुमाला हितं घिऊन आला, त्यो.”

मी पुढं काही बोलणार इतक्यात लांबून हाक आली. तीऽ तीऽ. मग जवळून. मग उंबऱ्यावरून सासूनं हाक उचलली, आणि सुनेचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. फळा पुसावा तसा कोरा झाला. ती मोठ्यानं म्हणाली, “मीठ व्हय? मीठ पुडीचंच वापरतो आमी. खड्याचं लोनच्याला.” मी मिठाबद्दल तिला काहीच विचारलं नव्हतं. अजून त्या भागापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. आदल्या दिवशी मी कुठल्याशा घरात मिठावर गेले होते, आणि ते एका दिवसात सगळ्या वस्तीला कळलं होतं.

मोटारसायकल दारावरून पुढं गेली. हाक तिच्याबरोबर पुढं सरकत गेली आणि विरली. तेव्हा सून पुन्हा माझ्याकडं बघून हळू बोलायला लागली.

“पयल्या कोंबड्या हुत्या,” ती म्हणाली. “मंग रोग आला, गेल्या. हाक ऱ्हायली.”

“म्हणजे हा येताना दिसला की हाक द्यायची?”

“व्हय. पोरींनी घरात व्हायचं. एकटी असंल तिनं दुसरीच्या घरी जायचं.”

“कोणी काढली ही युक्ती? तुमच्या सासूबाईंनी?”

“न्हाई. त्यांच्या सासूच्या वक्ताची हाय. तवा दुसराच कुनीतरी हुता. त्यो मेला. मंग लई वरसं कुनी हाक देत नव्हतं म्हनं. मंग ह्यो मोटा झाला.”

मी दोन दिवस त्या माणसाच्या मागून घरोघर फिरले होते. त्यानं शिवून आणलेली चप्पल दाराबाहेर काढून मी आत बसले होते. वस्तीतल्या प्रत्येक बाईला वाटत असणार की मी त्याच्याच बाजूची, आणि तरीही ही बोलत होती. कुठल्यातरी पाठ केलेल्या जागेवरून माझं तोंड आपोआप म्हणालं, “तुम्ही काळजी करू नका. तुमचं नाव कुठंही येणार नाही.”

“आन त्याचं?”

“त्याचंही नाही.”

“मंग काय येनार?”

“आकडा,” मी म्हटलं.

ती हसली. कडवट नाही, खरंच हसू आलं तिला. मग तिनं मला स्वतःबद्दल पुढं एक अक्षर सांगितलं नाही. उरलेले प्रश्न तिनं हातानंच बाजूला सारले आणि सरळ कामाचं बोलायला लागली. धाकट्या नणंदेला शेवगावला आपल्या आईकडं पाठवायचं होतं. तिथल्या शाळेत बोलणं झालं होतं. पण तो भावकीतला मोठा, पाणी त्याच्या हातात; पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला, असं म्हणून त्यानं दोनदा मोडता घातला होता. दुसऱ्या खेपेला तर पोरगी हायवेपर्यंत पोचली होती, आणि हा मोटारसायकलवर मागून गेला आणि तिला घेऊन माघारी आला. “सकाळी नऊला गेल्ती, दिस कलायला लागला तवा आली,” सून म्हणाली. मी पुढं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. उंबऱ्यावर सासूची पाठ तशीच होती, फक्त तिचा हात जमिनीवरून फिरत होता, एकाच जागी.

“उद्या माझी आई मिरजगावला येनार हाय. आत्याबाई पोरीला बागंतनं घिऊन जात्याल. तुमी त्याला दुपारभर बसवून ठिवा. तुमच्यापुढं त्यो बसतो. दोन दिस बगतोय आमी, तुमच्यासंगं असला की त्यो कुटं जात न्हाई.”

तेव्हा मला कळलं की या दोन दिवसांत प्रत्येक घरात चहा का होत होता, आणि प्रत्येक बाई ‘अजून किती दिस हाय तुमी’ असं का विचारत होती. त्यांना आम्ही जायला नको होतो.

मी तिला एवढंच म्हटलं की मुलीबद्दल मला गप्प बसता येणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत कळलं की कळवावंच लागतं, तसा कायदाच आहे. ती म्हणाली, “पोरगी पोचू द्या. मंग काय करायचं ते करा.”

संध्याकाळी सहकाऱ्याला मी फक्त इतकंच सांगितलं की उद्या वाटाड्याच्या घराची पाळी आहे, त्याची मुलाखत लांबव, जितकी लांबवता येईल तितकी. हा माणूस कधी टिंगलीशिवाय बोलत नाही. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि “बरं” म्हणाला.

वाटाड्याचं घर निवडलेल्या घरांत होतंच, त्यामुळे आम्हाला काही बनाव रचावा लागला नाही. जेवणानंतर सहकारी त्याला पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन बसला. पुरुषांनाही खूप प्रश्न असतात, आणि त्यांनाही एकांताचा नियम असतो. मी बाहेर कडुलिंबाखाली टेबलावर बीपीचं मशीन मांडून बसले. तिथून बाग दिसत होती. लिंबोणीची झाडं दाट, बुटकी. त्यांच्यामधून कोणी चाललं असतं तर फक्त पाय दिसले असते. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडंच बघत होते. वस्ती एकदम गप्प होती. कुठून हाक नाही, भांड्याचा आवाज नाही. सगळ्या बायका आपापल्या घरात श्वास धरून बसल्यात असं वाटत होतं, आणि तसंच असणार.

बऱ्याच वेळानं सहकारी बाहेर आला. तोंड धुतलं. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, “सगळी बरोबर उत्तरं दिली त्यानं, ताई. बायकोवर हात उचलणं कुठल्याच कारणानं योग्य नाही म्हणाला.” आमच्या प्रश्नांना बरोबर आणि चूक अशी उत्तरं नसतात. त्याला ते माहीत होतं. तरी त्याच्या तोंडून तोच शब्द आला.

मग वाटाड्या माझ्यापुढं येऊन बसला. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. बीपी तीन वेळा घ्यावं लागतं, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्याचा दंड उबदार होता, साबणाचा वास येत होता. कुठल्याही माणसाचा असतो तसाच हात. मला वाटलं होतं हात लावताना किळस येईल. नाही आली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पहिला आकडा आला. व्यवस्थित. दुसरा आला. तोही व्यवस्थित.

तिसऱ्या वेळी पट्टा फुगायला लागला तेव्हा त्यानं डोळे मिटले.

“पोरगी हायवेला पोचली असंल आता,” तो म्हणाला.

“बोलू नका,” मी म्हटलं. “आकडा चुकतो.”

तो लगेच गप्प बसला, सांगितलेलं ऐकणाऱ्या पेशंटसारखा. पट्टा आवळत गेला, थांबला, सैल झाला. मशीननं आकडा दाखवला. पहिल्या दोन्हींसारखाच. एक ठोकाही इकडंतिकडं नाही.

“आता बोललं तर चालंल का?” त्यानं डोळे उघडले. मऊ आवाजात, मला समजावल्यासारखा बोलायला लागला. “आमच्या वयनीला वाटतं, मला काय कळत न्हाई. जाऊ द्या. शिकू द्या पोरीला. दिवाळीला येईलच की. घर हितंच हाय तिचं.” मग मशीनकडं बघून म्हणाला, “कसं हाय बीपी?”

“नॉर्मल,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. त्यानं बाही खाली केली, बटण लावलं आणि आमच्यासाठी ताक आणायला आत गेला. सहकारी ताक न पिता जीपमध्ये जाऊन बसला. मी प्यायले. का प्यायले ते मला अजून सांगता येत नाही. पेला नाकारायची हिंमत झाली नाही, एवढंच.

मुलगी शेवगावला पोचल्याचा सुनेचा निरोप आला तेव्हा मी लहान मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. आमच्या सुपरवायझरनी आधी गोपनीयतेचा नियम ऐकवला, मग मी त्यांना कायदा ऐकवला, मग ते म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर करा. मी केलं. त्याचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. सुनेचं सांगितलं नाही. तिकडून विचारलं, मुलगी स्वतः काही म्हणाली का? म्हटलं, मी तिच्याशी बोललेच नाही. आईनं तक्रार दिली का? नाही. मग तुम्हाला कसं कळलं? मी काय सांगणार, त्या वस्तीत कोंबड्या नाहीत म्हणून कळलं?

तरी ती माणसं वस्तीवर गेली. दोन बायका आणि एक पोलीस. त्यांना घरं दाखवायला ग्रामपंचायतीनं माणूस दिला. तो कोण होता हे मी विचारलं नाही, पण माझ्या डोळ्यांपुढं पांढरा शर्टच आला. बायकांनी सांगितलं, आमाला काय म्हाईत न्हाई. चौकशी सुरू आहे असं मला सांगण्यात आलं. मी पुन्हा पुन्हा फोन केला, आणि ती सुरूच होती.

पावसाळा गेला. दिवाळी जवळ आली तशी मला झोप लागेना. आकाशकंदील लागले की मला तो मिटलेल्या डोळ्यांचा माणूस दिसायचा. किती स्वस्थपणानं बसला होता. त्याला घाई नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं.

भाऊबीजेला दुपारी फोन आला. सून होती. मागं पोरीबाळींचा गलका, कोणीतरी फटाके लावत होतं.

“आमी समदी शेवगावलाच हाय,” ती म्हणाली. “आत्याबाईबी. शेरडं इकली. ह्यांनी हितंच खोली घेतलीय. घराला कुलूप घातलं.”

मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या रडले. मुलगी तिच्याच शेजारी बसून करंज्या खात होती म्हणे. मी म्हटलं, “आणि रान? लिंबोणी?”

“पानी कोन देनार? वाळली असंल.”

“मग परत कधी जाणार?”

“त्यो हाय तवर न्हाई.” तिनं ते इतक्या सहज सांगितलं, जसं पाऊस आहे तोवर वाळवण घालता येत नाही. मग म्हणाली, “दुसऱ्या बाया इचारत्यात फोनवर, तिकडं खोल्या कितीला मिळत्यात म्हनून.”

फोन ठेवल्यावर आनंद हळूहळू ओसरला आणि खाली राग राहिला. घर त्यांचं, रान त्यांचं, लिंबोणी सासूनं हातानं लावलेली. पाणी त्याच्याकडं, वस्ती त्याच्याकडं, आणि उठून गेल्या त्या. त्याचं बीपी नॉर्मल, त्याची सगळी उत्तरं आमच्याकडं जमा. सुनेचे प्रश्न अर्ध्यावर कोरे. पुढच्या फेरीला कोणी नवी मुलगी टॅब घेऊन त्या वस्तीवर जाईल. लिंबोणीजवळच्या दाराशी उभी राहील, कुलूप बघेल, ‘घर बंद’ अशी नोंद करेल आणि पुढच्या दाराकडे वळेल. तसंच शिकवलेलं असतं. बंद घरांना आम्ही कारण विचारत नाही.